अत्तराची कुपी घ्यायच्या आधी: अंगावर घालून, घड्याळ लावून, वहीत लिहून

मोगऱ्याची बारा एमएलची बाटली मी एका प्रदर्शनात उभ्याउभ्या घेतली, नऊशे रुपयांना, आणि घरी येईस्तोवर मनगटाला डांबरगोळीचा वास यायला लागला होता. स्टॉलवरच्या माणसानं काचेच्या काडीनं हातावर लावलं तेव्हा अगदी संध्याकाळी कोल्हापुरात महाद्वार रोडला गजरेवालीच्या टोपलीपाशी उभं राहिल्यासारखं वाटलं होतं, मी भाव पण केला नाही. तासाभरात बायको विचारायला लागली की कपाट कुणी उघडं टाकलंय. त्या माणसानं फसवलं असं मी तेव्हा गावभर सांगत सुटलो होतो, आता तसं वाटत नाही. मोगऱ्यात इंडोल नावाचं रसायन असतंच, खऱ्या फुलात पण असतं, थोडंसं असलं की फूल जिवंत वाटतं आणि जास्त वर आलं की डांबरगोळी नाहीतर कुजकं. माझ्या हातावर नेमकं तेच वर येतं. तोच मोगरा माझ्या बहिणीच्या हातावर संध्याकाळपर्यंत गजराच राहतो. म्हणजे बाटली बरोबर होती, गिऱ्हाईक चुकीचं होतं.

मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला क्वालिटीत आहे, दिवसभर गेज, मायक्रोमीटर आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट, त्यामुळं असेल कदाचित, पण त्या मोगऱ्यानंतर मी अत्तराचा पण रिपोर्टच करायला लागलो. शंभर पानी वही संपत आलीय. मित्र हसतात, पण कुणाच्या लग्नात अत्तर घ्यायचं असलं की फोन मलाच येतो आणि दरवेळी तेच तेच सांगायला लागतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो.

आधी एवढं लक्षात घ्या की मी बोलतोय ते तेलातल्या सुगंधाबद्दल. उत्तर प्रदेशातल्या कनौजचं पारंपरिक अत्तर असो, नाहीतर आता घरगुती पातळीवर छोट्या बॅचमध्ये हातानं मिसळून विकणारे जे लोक आहेत त्यांचं ऑइल परफ्यूम असो, दोन्हीत अल्कोहोल नसतं. स्प्रेमधलं अल्कोहोल उडताना वास बरोबर घेऊन जातं म्हणून तो खोलीभर पसरतो, तेल अंगाला चिकटून बसतं आणि हळूहळू सोडतं. त्यामुळं तेलाकडनं घमघमाटाची अपेक्षा ठेवू नका. ते लावलेलं कळायला माणूस जवळ यायला लागतो, आणि हेच तर त्यातलं सुख आहे असं माझं मत.

तोळा घ्यायचा नाही

सोन्याचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, अत्तरवाले तोळा म्हणजे साधारण १२ एमएल धरतात, अर्धा तोळा ६ आणि पाव तोळा ३. नव्या माणसानं पाव तोळ्याच्या वर जायचंच नाही, आणि सँपल मिळत असेल तर १ एमएलच घ्यायचं. एक एमएलमध्ये साधारण वीस थेंब बसतात, एका वेळेला दोन थेंब पुष्कळ झाले, म्हणजे दहा दिवस घालून बघता येतं. बाहेरच्या देशात छोट्या कंपन्या असेच सँपल विकतात. माझी मामेबहीण टेक्सासला असते, तिनं मला ब्लॅक फिनिक्स अल्केमी लॅब नावाच्या अमेरिकन कंपनीच्या अशा पाच कुप्या आणून दिल्या होत्या, करंगळीच्या पेराएवढ्या. आपल्याकडं पण आता बरेचजण तीन-चार सँपलचा सेट देतात, विचारा फक्त.

सँपल नसेलच तर हातावर लावून दुकानाबाहेर पडायचं. माझे नेहमीचे अत्तरवाले चाचा मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आज न्हेऊ नकोस बाळा, आज तुला सगळंच आवडतंय. उद्या ये, उद्या बी आवडलं तर पैसे दे." मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा चारपैकी एकच आवडत होतं. आणि एका भेटीत तीनच्या वर वास घेऊ नका, चौथ्यापासनं नाक नुसतं हो हो म्हणतं. कॉफीच्या बिया हुंगून काही होत नाही, आपल्याच शर्टाच्या बाहीचा वास घ्या नाहीतर बाहेर रस्त्यावर येऊन दोन मिनिटं उभे राहा.

दुकानदाराला एक प्रश्न मात्र लाजता न विचारायचा: बेस काय आहे, म्हणजे वास कुठल्या तेलात मिसळलाय? पारंपरिक अत्तराचा बेस म्हणजे चंदनाचं तेल. ते आता इतकं महाग झालंय की स्वस्तात मिळणाऱ्या अत्तरात लिक्विड पॅराफिन नाहीतर डीओपी असतं, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करायला वापरतात ते. हे अंगाला लावायचं मला तरी पटत नाही. नवीन लोक जोजोबा तेल वापरतात, नाहीतर फ्रॅक्शनेटेड खोबरेल, म्हणजे जे गोठत नाही आणि ज्याला खोबऱ्याचा वास नसतो ते. चांगला विकणारा लगेच सांगतो, जो "प्युअर आहे, प्युअर आहे" एवढंच म्हणत राहतो त्याच्याकडं मी दुसऱ्यांदा जात नाही. आणि भावावरनं पण अंदाज येतो बघा, एक किलो गुलाबाचं तेल काढायला तीन ते पाच टन पाकळ्या लागतात, मग दोनशे रुपये तोळ्यानं खरा गुलाब कोण देणार? सिंथेटिक असणं म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही, माझ्या आवडत्या दोन कुप्या सरळ सरळ लॅबमधल्या आहेत, पण मग तसं सांगून तसा भाव लावावा.

कुपी आली की लगेच उघडायची नाही

कुरिअरनं आलेली कुपी आठ-दहा दिवस कपाटात उभी ठेवून द्यायची. मी आधी हे थोतांड समजत होतो, पण वहीत एकाच कुपीच्या पहिल्या दिवसाच्या आणि दहाव्या दिवसाच्या नोंदी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो, पहिल्या दिवशी नुसता तिखट भपकारा आणि दहाव्या दिवशी त्यातलं एकेक वेगळं कळायला लागतं. मे महिन्यात गाडीत तापून हिंदकळून आलेल्या तेलाचं तर विचारूच नका. पावसाळ्यात मागवत असाल तर पार्सल हातात घेताना वास येतोय का बघा, माझी एक कुपी जुलैत अर्धी सांडून आली होती, पुठ्ठा चार दिवस सुगंधी आणि मी बोंबलत.

हात कोरा पाहिजे

हे लई महत्त्वाचं आहे आणि इथंच सगळे चुकतात. आंघोळीच्या साबणाचा वास, टाल्कम पावडर, डोक्याचं तेल, कपड्यांचं कंडिशनर, सगळं अत्तरात मिसळतं आणि आपण म्हणतो अत्तर बेक्कार. मी सुरुवातीचे दोन महिने ज्याला त्याला "पावडरसारखा वास" असं लिहीत होतो, नंतर लक्षात आलं की ती पावडरच होती, मानेवरची. टेस्टच्या दिवशी बिनवासाचा साबण, नाहीतर नुसतं पाणी. कातडी कोरडी असेल तर तेल पटकन शोषलं जातं आणि वास टिकत नाही, म्हणून आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत आधी थोडं व्हॅसलीन लावायचं. खोबरेल लावू नका, त्याचा स्वतःचा वास असतो, आणि आईनं डब्यात भरून ठेवलेलं असलं तर त्यात आणि कढीपत्ता पण असतो.

नवीन तेल पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला अगदी एक टिपका लावून एक दिवस थांबा. खाज, लाली आली तर तिथंच विषय संपला. दालचिनी आणि लवंग असलेली तेलं या बाबतीत बेरकी असतात, वास खमंग आणि कातडीवर जळजळ.

मग लावायचं कुठं? घालून मिरवायचं असेल तर मनगट, कानामागं, गळ्याच्या खळग्यात. टेस्ट करायचं असेल तर कोपराच्या आत, कारण मनगट दिवसात दहा वेळा धुतलं जातं आणि जेवताना भाजी-आमटीत जातं. कानात अत्तराचा फाया, म्हणजे कापसाचा बोळा, ठेवायची आपली जुनी पद्धत छान आहे, पण टेस्टला नको, दिवसभर तोच वास नाकाशी राहिला की नाकाला त्याची सवय होते आणि तासाभरात आपल्याला वाटतं उडालं. एका हातावर एकच तेल, दोन्ही हातांवर मिळून दोनच्या वर नाही. मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत, टेकवायची फक्त. घासल्यानं वास "मोडतो" असं सगळे सांगतात, मला तेवढं काही दिसलं नाही, पण तेल पसरून पातळ होतं आणि लवकर जातं हे नक्की.

घड्याळ

लावल्या लावल्या पाच मिनिटांत जे वाटतं ते लिहून ठेवा आणि विसरून जा. लिंबू, संत्रं, पुदिना असल्या हलक्या गोष्टी याच वेळात असतात आणि अर्ध्या तासात निघून जातात. दुकानात आपण नेमक्या याच पाच मिनिटांना पैसे देतो. त्यानंतर अर्ध्या तासानं, मग दोन-तीन तासांनी, मग पाच-सहा तासांनी आणि शेवटी रात्री. माझा निर्णय तिसऱ्या तासाला होतो. फुलं, मसाले जे काही मधलं आहे ते तेव्हा बसलेलं असतं आणि खालचं लाकूड, राळ, कस्तुरी वर यायला लागलेली असते, आणि मुख्य म्हणजे आपण लग्नाला, ऑफिसला, कुठंही गेलो तरी बहुतेक वेळ याच वासात वावरणार असतो.

प्रत्येक वेळी हात नाकाला चिकटवू नका. आधी हात वीतभर लांब धरून श्वास घ्या, मग जवळ. माझा आणखी एक प्रॉब्लेम म्हणजे कंपनीत शेजारीच कोअर शॉप आहे, तिथला रेझिनचा वास आणि मशीनचं कुलंट यात नाक मरतं. म्हणून अकराच्या चहाला मी गेटबाहेर जातो, पाच मिनिटं झाडाखाली थांबतो आणि मग बाही वर करतो. वॉचमनला पहिले काही दिवस वाटलं मला हाताला काहीतरी लागलंय.

वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो म्हणजे कळेल:

रूह खस. १२ मे. डावा हात. ८.१० ला लावलं: कच्चा बटाटा सोलताना येतो तसला वास, ओली माती, कडसर हिरवट. ८.४०: माठातलं वाळ्याचं पाणी, अगदी तेच. ११: लाकूड, त्यात भुईमुगाच्या टरफलाचं काहीतरी. कुणाला कळलं नाही. ३.३०: अजून आहे, गोडसर झालंय. रात्री ९: बारीक पण आहे. ९ मार्क. उन्हाळ्यात घालायचं.

आता यात "बटाटा" बघून हसू नका. खरा वाळा असाच सुरू होतो. रूह म्हणजे बेस न घालता नुसतं त्या वस्तूचं तेल, आणि पारंपरिक पद्धतीनं तांब्याच्या भांड्यात काढलेल्या रूह खसला तांब्यामुळं हिरवट रंग येतो. नुसता हिरवा रंग म्हणजे खरं असं मात्र नाही, रंग काय कुणीही टाकतं, आणि त्या रंगवलेल्या खसला पहिल्या मिनिटापासनं सरबताचा वास असतो.

"छान" हा शब्द वहीत लिहायचा नाही

नवीन माणसाच्या वहीत दोनच शब्द असतात, छान आणि उग्र. महिन्याभरानं वाचलं तर काय बोध होणार? आपल्या भाषेत वासाचे शब्द किती आहेत ते बघा: खमंग, खवट, कुबट, ओशट, आंबूस, करपट, मातकट, हिरवट, दर्प, भपकारा, दरवळ. कुबट आणि मातकट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, एक बंद खोलीचा आणि एक शेताचा. आणि शब्द सुचला नाही तर जागा लिहायची. "गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी", "शाळेतली नवीन पुस्तकं", "देवघर, पण आरती झाल्यानंतरचं". मी एकदा "लेदर" नावाचं एक ऑइल घेतलं होतं, मोठ्या अपेक्षेनं, तर त्याला नव्या कारच्या सीटचा वास. ते चुकीचं नाही, पण आपण कोल्हापूरकर, आपल्याला लेदर म्हटलं की चप्पल लाईनीत शिरल्यावर येतो तो हिरडा-बाभळीत कमावलेल्या कातड्याचा तुरट वास आठवतो. वहीत मी लिहिलंय: "कार शोरूम. चप्पल लाईन नाही. ४."

मिट्टी, दवणा आणि बाकीचे

सगळ्यात जास्त पानं माझ्या वहीत मिट्टी अत्तराला गेलीत. कनौजला भाजलेल्या मातीचे तुकडे पाण्याबरोबर तांब्याच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे देगमध्ये घालतात, तोंड मातीनं लिंपून टाकतात, खाली जाळ, आणि वाफ बांबूच्या नळीतनं दुसऱ्या भांड्यात, भपक्यात, जिथं चंदनाचं तेल असतं. मातीचा वास तेलात उतरतो. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला पेट्रिकोर असं नाव दिलं, आणि त्यांच्या लेखात भारतातल्या या मातीच्या अत्तराचा उल्लेख आहे. म्हणजे त्यांनी नाव ठेवायच्या आधीपासनं आपले लोक ते कुपीत भरून विकत होते. मातीतला तो वास बऱ्यापैकी जिऑस्मिन नावाच्या पदार्थाचा, तो मातीतले जंतू तयार करतात आणि माणसाचं नाक तो इतक्या कमी प्रमाणात ओळखतं की बाकीच्या फार थोड्या वासांना ते जमतं.

मी मिट्टी तीन वेगवेगळ्या ठिकाणची घातली. पहिलीला नुसता ओल्या भिंतीचा वास, कुबट. दुसरीत चंदन इतकं की माती शोधायला लागली. तिसरी मात्र नाद खुळा. लावल्या लावल्या वळीव, म्हणजे मे महिन्यात दुपारी चारला आभाळ काळं होऊन टपोरे थेंब पडायला लागतात, आपण आडोशाला उभे असतो आणि समोरच्या धुळीतनं जे वर येतं ते. वीस मिनिटांनी ते गेलं आणि मागं जे उरलं ते काय आहे हे मला दोन दिवस कळेना. ओळखीचं होतं पण जागा सापडेना. मग तिसऱ्यांदा लावल्यावर आठवलं, तालीम. लहानपणी मंगळवार पेठेत मामाबरोबर तालमीत जायचो, तिथली हौद्यातली लाल माती, तेल, ताक, हळद घालून मळलेली, गार. मी मामाच्या हातावर लावून विचारलं काय आठवतंय, तर त्यांनी हात नाकाजवळ नेला आणि काही न बोलता बराच वेळ तसाच ठेवला, मग म्हणाले, "आखाड्यात पाणी मारलंय." मिट्टी टिकत नाही, माझ्यावर जेमतेम तीन तास, तरी दहा मार्क आहेत आणि हा एकमेव दहा आहे.

दुसरा दवणा. आपल्याला दवणा म्हटलं की चैत्रातला जोतिबा, सासनकाठ्या, गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि त्यात तो करडा-हिरवा सुगंधी जुडगा. त्याचं तेल काढतात आणि अत्तराच्या धंद्यात ते प्रसिद्ध आहे ते प्रत्येकाच्या अंगावर वेगळा वास देतं म्हणून. मला हे विकायच्या गप्पा वाटल्या होत्या, म्हणून एका रविवारी घरात सगळ्यांना रांगेत बसवलं, आई, बायको, मेहुणा आणि मी, प्रत्येकाला एकेक टिपका. अर्ध्या तासानं माझ्या हाताला मनुका आणि जुन्या दारूसारखं काहीतरी, बायकोच्या हाताला गवती चहा आणि ओलं गवत, मेहुण्याच्या हाताला पिकलेल्या फणसाच्या जवळचं (तो खूश नव्हता), आणि आईच्या हाताला सरळ दवणा, जोतिबाच्या डोंगरावरचा. आई म्हणाली, "तुम्ही काय लावलंय मला म्हाईत न्हाई, माझं तर बरोबर आलंय." तेव्हापासनं दुसऱ्याचं परीक्षण वाचून तेल मागवायचं मी बंद केलं. हा लेख वाचून पण मागवू नका, सँपल घ्या.

हिना आणि शमामा हिवाळ्याचे. शमामात एक-दोन नाही तर कितीतरी जडीबुटी, मसाले एकत्र उकळून काढलेले असतात, त्यामुळं सुरुवातीला काढा प्यायल्यासारखं वाटतं, आजीचा बटवा आणि शेकोटी. पाचव्या तासाला मात्र ते इतकं मऊ होतं की स्वेटर काढू नये असं वाटतं. केवडा ओडिशातल्या गंजामचा नावाजलेला, पण मला त्यानं फक्त बिर्याणी आठवते आणि भूक लागते. गुलाब सगळ्यांना ठीक, मला फारसं काही सांगायचं नाही. चंदन माझ्यावर दुधाच्या सायीसारखं येतं, अगदी हळू, लोकांना कळत पण नाही, मी ते फक्त स्वतःसाठी रात्री लावतो.

व्हाइट मस्कची गंमत सांगतो. मी कुपी परत द्यायला निघालो होतो की यात वासच नाही, बायको म्हणाली अहो घरभर सुटलाय. काही मस्क काही माणसांच्या नाकाला कळतच नाहीत, त्यात आपण असू शकतो, तेव्हा भांडायच्या आधी घरच्यांना विचारा. आणि हे सगळे मस्क कारखान्यातले, हरणाची खरी कस्तुरी विकणं आपल्याकडं गुन्हा आहे, कुणी "असली" म्हणून दाखवली तर तिथं थांबू पण नका.

मामेबहिणीनं आणलेल्यात स्नेक ऑइल म्हणून एक होतं, त्या कंपनीचं सगळ्यात नावाजलेलं, व्हॅनिला आणि साखर आणि पूर्वेकडचे मसालेदार वास. पहिल्या दिवशी मला ते सहन झालं नाही, उदबत्तीच्या कारखान्यात कोंडल्यासारखं, ४ मार्क देऊन मागं टाकलं. दीड वर्षानं कपाट आवरताना सापडलं, तेल गडद तपकिरी झालेलं. व्हॅनिलातल्या व्हॅनिलिनमुळं असा रंग येतो, खराब झालेलं नसतं. लावलं तर काकवी! गुऱ्हाळावर कढईतनं गरम काकवी काढताना जो वाफाळलेला वास येतो तो, वर बारीक धूर. चाराचे आठ मार्क झाले. त्यामुळं व्हॅनिला, पॅचुली, चंदन, राळ असली जड तेलं आवडली नाहीत तर फेकू नका, मागं ठेवा. लिंबू-संत्र्याच्या तेलांना हे लागू नाही, ती जुनी झाली की खवट होतात, वर्षाच्या आत संपवायची.

घालून कुठं जायचं

गरम, दमट हवेत वास जास्त सुटतो. पावसाळ्यात केएमटीच्या भरलेल्या बसमध्ये शमामा घालून चढलात तर शेजारचा माणूस शिव्या देईल आणि त्याचं बरोबर असेल. जून ते सप्टेंबर खस, मिट्टी, चंदन, तेही एकच थेंब. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत मी काही लावत नाही, तिथं कापूर, फुलं, धूप यांचंच राज्य असतं, आपलं अत्तर त्यात नुसती गडबड करतं. आणि तांबडा-पांढरा जेवायला जाताना लावणं म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणं, पहिल्या भुरक्यानंतर नाक पण वाहतं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटांना कांदा-लसूण मसालाच येतो. कंपनीत, दवाखान्यात, लहान बाळ असलेल्या घरात बेतानं.

दोन तेलं एकावर एक लावायची असतील तर जड आधी, हलकं वरनं. खसवर मोगरा माझ्यासारख्या माणसाला पण चालतो, डांबरगोळी दबते. त्या नऊशेच्या बाटलीचा निम्मा भाग असाच संपवला.

चट्टे, डाग आणि कपाट

एक मोठी चूक सांगतो, ही करू नका. बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं एक फळ) आणि लिंबाचं कच्चं दाबून काढलेलं तेल असलेलं एक मिश्रण मानेला लावून मी एप्रिलमध्ये पन्हाळ्याला गेलो, दिवसभर उन्हात. दुसऱ्या दिवशी मानेवर लाल पट्टा आणि मग तो तपकिरी होऊन दोन महिने राहिला. डॉक्टर बघताक्षणी म्हणाले, लिंबाचं काही लावलं होतं का? या तेलांत बर्गॅप्टीनसारखे पदार्थ असतात आणि त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. ते काढून टाकलेलं बर्गमॉट मिळतं, त्यावर एफसीएफ लिहिलेलं असतं. बनवणाऱ्याला विचारा, आणि खात्री नसेल तर अशी तेलं कपड्याखाली झाकलेल्या जागी नाहीतर संध्याकाळनंतर.

पैठणीवर, पांढऱ्या शर्टावर थेट लावू नका, तेलाचा डाग तो डागच. मोत्यांवर तर नाहीच. आधी अत्तर, ते अंगात मुरलं की मग कपडे आणि सगळ्यात शेवटी दागिने.

ठेवायचं अंधारात, गार जागी, उभं. गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत नको, बाथरूममध्ये नको. माझ्या आजोबांचं जुनं लोखंडी कपाट आहे, आतल्या भिंतीकडचं, त्याचा खालचा कप्पा सगळ्यात गार. ड्रॉपरचं रबर तेलात फुगून चिकट होतं, म्हणून ड्रॉपर लावून कुपी ठेवू नका, साधं झाकण लावा. रोल-ऑन सोयीचा पण गोळीबरोबर अंगावरचा मळ, घाम परत आत जातो, महागाचं तेल रोल-ऑनमध्ये भरू नका, काचेच्या काडीची कुपी घ्या आणि काडी पुसून आत घाला. रिकाम्या कुप्या सर्जिकल स्पिरिटनं दोनदा खळखळून, मग गरम साबणपाण्यानं धुतल्या की परत सँपल वाटायला उपयोगी पडतात.

आणि लेबल. नाव, कुणाकडनं घेतलं, तारीख, बॉलपेननं लिहायचं आणि वर सेलोटेप. जेलपेनची शाई तेलाचा हात लागला की पसरते. माझ्याकडं अशी नाव पुसलेली एक कुपी आहे, दीडएक एमएल उरलंय, वास लई भारी, थोडा चाफा, थोडा तंबाखू, पाऊस पडून गेल्यावरची फरशी. चाचांना नेऊन दाखवली, त्यांनी तीनदा वास घेतला, झाकण लावलं आणि म्हणाले, "माझ्याकडचं न्हवं."